जर्मनीतलं पहिलं वर्ष: सप्टेंबरच्या विमानापासून फेब्रुवारीच्या परीक्षेपर्यंत

जर्मनीत मास्टर्सला निघालेल्यांची कागदांची तयारी सहसा चोख असते. एपीएसचं (भारतीय पदव्या तपासणाऱ्या जर्मन केंद्राचं) प्रमाणपत्र, ब्लॉक्ड अकाउंट (वर्षाच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं), विमा, व्हिसा, सगळं फाइलमध्ये क्रमाने लावलेलं. मनाच्या तयारीचा विषय मात्र "होईल हळूहळू सवय" एवढ्यावर संपतो. सवय होते हे खरंच आहे. पण कशाची होते, किती दिवसांत होते आणि मध्येच काय अडतं हे आधी कळलं, तर सप्टेंबर ते फेब्रुवारी हे सहा महिने बरेच सुसह्य होतात. २०२३-२४च्या हिवाळी सत्रात जर्मनीत ४९ हजारांहून जास्त भारतीय विद्यार्थी होते, आणि परदेशी विद्यार्थ्यांत सर्वांत मोठा गट आता भारतीयांचाच आहे. एवढी माणसं एकाच वाटेने गेली असल्यामुळे ठेचा कुठे लागतात ते बऱ्यापैकी ठाऊक झालं आहे.

आधी दोन खाती वेगळी करा

'कल्चर शॉक' हा शब्द रुळला तो कालेर्वो ओबेर्ग या मानववंशशास्त्रज्ञाच्या १९५४च्या भाषणामुळे आणि १९६०मध्ये छापलेल्या लेखामुळे. १९५५मध्ये स्वेरे लिसगार्ड या नॉर्वेजियन समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेत शिकून आलेल्या नॉर्वेच्या अभ्यासकांवरून एक आलेख मांडला: सुरुवातीला उत्साह, मग घसरण, मग पुन्हा चढ. इंग्रजी 'यू' अक्षरासारखा. विद्यापीठांच्या स्वागत-कार्यक्रमात हाच आलेख अजून दाखवतात. पुढे कॉलीन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडला गेलेल्या जपानी विद्यार्थ्यांची पोहोचल्यापासून वर्षभर पाहणी केली, तेव्हा सुरुवातीचा तो उत्साह दिसलाच नाही. सर्वांत जास्त त्रास अगदी पहिल्याच दिवसांत होता. म्हणून पहिल्या आठवड्यात रडू आलं तर "आत्ता तर मजा यायला हवी होती, माझंच काहीतरी बिघडलंय" असं समजू नका.

वॉर्ड यांनी केलेली आणखी एक विभागणी रोजच्या उपयोगाची आहे. व्यवहार जमणं वेगळं आणि मन ठिकाणावर असणं वेगळं. तिकीट काढणं, कचरा वेगळा करणं, प्रोफेसरांना ईमेल लिहिणं ही कामं दर आठवड्याला थोडी थोडी जमत जातात, आणि एकदा आली की सहसा विसरत नाहीत. मनाचं तसं नाही. ते झोप, ऊन, पैसा आणि माणसं यांच्यावर वरखाली होतं. गोंधळ होतो तो दोन्ही एकाच खात्यात मांडल्यामुळे. सरकारी कचेरीत भाषा न कळल्याने काम अडलं की "मला इथे जमणारच नाही" असं वाटतं. वास्तविक अडलेला असतो फक्त एक फॉर्म. उलट, नोव्हेंबरात अंथरुणातून उठवत नसतं तेव्हा लोक नवीन टाइमटेबल आखत बसतात. तिथे टाइमटेबलाचा काही उपयोग नसतो. काही बिनसलं की पहिला प्रश्न हाच विचारा: हे कुठल्या खात्यातलं आहे?

निघण्यापूर्वीचा महिना

भाषेपासून सुरुवात करू. कोर्स इंग्रजीतून असला तरी घरमालक, कचेरी, डॉक्टरकडचं स्वागतकक्ष आणि बेकरी जर्मनमध्येच चालते. पुण्यात मॅक्स म्यूलर भवन आणि रानडे इन्स्टिट्यूट यांच्यामुळे जर्मन शिकण्याची जुनी परंपरा आहे, त्यामुळे ए१-ए२ (भाषेच्या पहिल्या दोन पातळ्या) करून निघणारे बरेच असतात. पण वर्गातली जर्मन आणि सुपरमार्केटच्या गल्ल्यावरची जर्मन यांत फरक आहे. गल्ल्यावर ठरलेले तीनच प्रश्न येतात, तेही भरधाव: "झामेल्न झी पुंक्टे?" (पॉइंट्स जमवता का?), "कार्टे ओडर बार?" (कार्ड की रोख?), "ब्राउखेन झी डेन बॉन?" (पावती हवी का?). पहिल्याला आणि तिसऱ्याला "नाइन, डांके" म्हटलं की सुटका. न कळल्यास "क्योनेन झी दास बिटे लांगझामर झागेन?", म्हणजे जरा सावकाश सांगाल का. ही चार वाक्यं पाठ असतील तर रोजची पाच-सहा छोटी नामुष्की टळते. छोट्या नामुष्क्यांचाच साठा होऊन माणूस बाहेर पडायचं टाळू लागतो.

खोली शोधताना एक गोष्ट लेखी विचारून घ्या: या पत्त्यावर 'आनमेल्डुंग', म्हणजे रहिवासाची नोंदणी, करता येईल का? उत्तर "नाही" असेल तर ती खोली आठ-पंधरा दिवसांच्या मुक्कामापुरतीच धरा. आणि खोली न पाहता, करार हातात नसताना कुणी डिपॉझिट मागत असेल, मालक "सध्या परदेशात आहे, किल्ली कुरिअरने पाठवतो" म्हणत असेल, तर ती फसवणूक आहे. कायद्याने डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं असतं.

सामानात मसाले, पापड, बाकरवडी, भाजणी चालते. दूध आणि मांसापासून केलेले पदार्थ युरोपीय संघात प्रवासी सामानातून नेता येत नाहीत, म्हणजे पेढे, तूप, खवा, पनीर बाद. आईने मायेने दिलेला तुपाचा डबा कस्टममध्ये टाकावा लागला की पहिल्याच तासाला गळा दाटतो. घरीच सांगून ठेवा.

नैराश्य, चिंता, एकाग्रता किंवा झोप यांसाठी औषधं चालू असतील तर ती "नव्या देशात नवी सुरुवात" म्हणून जाण्याच्या तोंडावर बंद करू नका. ही चूक फार जण करतात आणि त्याचा फटका बरोबर नोव्हेंबरात बसतो. स्वतःच्या वापरापुरती साधारण तीन महिन्यांची औषधं नेता येतात. सोबत डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी हवी, त्यात ब्रँडचं नव्हे तर मूळ औषधाचं नाव, मात्रा आणि किती काळापासून चालू आहे ते लिहून घ्या. भारतीय ब्रँड तिकडच्या डॉक्टरला कळत नाहीत. काही औषधं अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतात. त्यांना वेगळं प्रमाणपत्र लागतं आणि मुदतही कमी असते, हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारा.

शेवटचं काम घरच्यांबरोबर बसून करायचं. तीन गोष्टी ठरवा. फोन आठवड्यातून किती वेळा आणि कधी. महिन्याचा खर्च किती, आणि अडचण आली तर किती रकमेपर्यंत घरून मदत होऊ शकते. तिसरी गोष्ट अवघड आहे: वाईट बातमी कशी सांगायची, दोन्ही बाजूंनी. "तिला परीक्षेच्या वेळी कशाला सांगायचं" म्हणून आजोबांचं आजारपण लपवलं जातं, आणि "त्यांना कशाला काळजी" म्हणून नापास झालेला पेपर लपवला जातो. एकदा लपवाछपवी सुरू झाली की प्रत्येक फोन म्हणजे नाटक होतं, आणि मग फोनच नकोसा वाटतो.

पहिले चौदा दिवस: क्रम चुकवू नका

इथली कामं एकमेकांत अडकलेली आहेत. एक अडलं की पुढची चार थांबतात, आणि पहिल्या पंधरवड्यातली बरीचशी घालमेल याचीच असते.

१. मोबाइल सिम आणि शहराच्या वाहतुकीचं ॲप. पहिल्या दिवशी एवढंच. दुकानं रविवारी बंद असतात, त्यामुळे शनिवारी संध्याकाळी पोहोचत असाल तर दीड दिवसाचं खाणं सोबत हवं.

२. घरमालकाकडून 'वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग' हा सही केलेला एक पानाचा फॉर्म घ्या. करारपत्र असलं तरी हा वेगळा लागतो.

३. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत आनमेल्डुंग. मोठ्या शहरांत तारीख लवकर मिळत नाही. भारतात असतानाच ऑनलाइन तारीख घ्या. मुदतीनंतरचीच तारीख मिळाली तर तिची पोचपावती जपून ठेवा. सकाळी संकेतस्थळ उघडलं तर रद्द झालेल्या तारखा अनेकदा सापडतात.

४. बँकेत साधं चालू खातं. ब्लॉक्ड अकाउंटमधले पैसे दरमहा त्यातच येतात.

५. आरोग्य विम्याची खातरजमा आणि विद्यापीठातली नोंदणी. विद्यापीठाला विम्याची माहिती थेट विमा कंपनीकडून जाते; ती गेली की नाही हे विचारून घ्या.

६. परदेशी नागरिकांच्या कचेरीत राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज. व्हिसा संपण्याआधी अर्ज आत गेला पाहिजे, हे महत्त्वाचं. भेटीची तारीख पुढची मिळाली म्हणून घाबरू नका.

या काळात दारावरच्या टपालपेटीवर आपलं आडनाव चिकटवलंय ना हे बघा. नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. बँकेचा पिन, करक्रमांक, विमा कार्ड सगळं टपालानेच येतं. जर्मनीत गंभीर गोष्टी आजही कागदावर घडतात.

दिवसाला एकच कचेरी ठेवा. सकाळी कचेरी, दुपारी जेवण, संध्याकाळी अर्धा-पाऊण तास पायी भटकणं. एकाच दिवसात तीन कामं उरकायला जाल तर तिन्ही अर्धवट राहतात आणि रात्री झोप लागत नाही.

वर्गात: जे बोललं जात नाही ते

इथे सर्वांत महागडा गैरसमज होतो. सत्रभर कोणी हजेरी घेत नाही, गृहपाठ बहुतेक ठिकाणी ऐच्छिक, अंतर्गत गुण नसतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात वाटतं, फारच निवांत आहे. मग फेब्रुवारीत एका नव्वद मिनिटांच्या पेपरवर सगळे गुण. स्वातंत्र्य म्हणून जे दिसतं ती खरं तर जबाबदारी आहे, आणि ती कोणी बोलून दाखवत नाही.

हिशोब असा करा. एका सत्राला साधारण ३० क्रेडिट, आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम धरलेलं असतं. म्हणजे सहा क्रेडिटच्या विषयाला दीडशे ते एकशे ऐंशी तास. त्यातले वर्गातले जेमतेम साठ; बाकीचे स्वतःचे. पहिल्या सत्रात ३० ऐवजी २० ते २४ क्रेडिट घेतले तर काही बिघडत नाही. मास्टर्सला ठरलेल्या चार सत्रांऐवजी पाच लागणं तिथे लाजिरवाणं मानत नाहीत. ते फक्त भारतात लाजिरवाणं वाटतं. कर्जाच्या हप्त्याची मुदत मात्र बँकेकडून तपासून घ्या.

परीक्षेला बसण्यासाठी वेगळी नोंदणी करावी लागते, तीही ठरावीक तारखांच्या आत, पोर्टलवर. वर्गात नाव आहे म्हणजे परीक्षेत आहे असं नाही. नोंदणीची तारीख चुकली तर विनंत्या, ओळखी, रडणं, काहीही चालत नाही. आणि एका विषयाला बहुतेक ठिकाणी तीनच प्रयत्न असतात. सक्तीच्या विषयात तिसऱ्यांदा नापास झालात तर तो अभ्यासक्रमच सोडावा लागतो. म्हणून तयारी नसताना "बघू तरी कसा येतो पेपर" म्हणून प्रयत्न जाळू नका. नोंदणी मागे घ्यायची शेवटची तारीखही कॅलेंडरवर लिहा.

गुणांची दिशा उलटी आहे. १.० सर्वोत्तम, ४.० म्हणजे काठावर पास, ५.० नापास. कायम डिस्टिंक्शनमध्ये आलेल्याला पहिल्याच विषयात ३.० पडले की हादरा बसतो. अवघड विषयांत वर्गाचा मोठा भाग नापासही होतो. उत्तरपत्रिका पाहण्याचा एक दिवस ठेवलेला असतो, 'आइनझिष्ट' म्हणतात, त्याला जाच. काय चुकलं ते कळतं, आणि कधी राहून गेलेले गुणही सापडतात.

बोलण्याची रीत. "हे चूक आहे" असं तोंडावर सांगतात. त्यात राग नसतो, अपमान तर नसतोच. वाक्याचा विषय तुमचं काम आहे, तुम्ही नाही. स्तुतीची अपेक्षा ठेवली तर उपाशी राहाल. दक्षिणेकडे श्वाबियात म्हणच आहे, रागावलो नाही म्हणजे पुरेशी स्तुती झाली. (मराठी वडिलांच्या हाताखाली वाढलेल्यांना हे तसं नवीन नाही.)

आपल्याकडून होणारी चूक वेगळीच. गटाच्या कामात "हो, बघतो", "प्रयत्न करतो" हे आपल्याकडे सभ्य भाषेतलं नाही असतं. तिथे ते वचन समजलं जातं. काम झालं नाही की माणूस बेभरवशाचा ठरतो, आणि पुढच्या गटात त्याला कोणी घेत नाही. कारण मात्र कोणी सांगत नाही. जमणार नसेल तर मुदतीच्या दोन दिवस आधी एका ओळीत लिहा: अमुक भाग होणार नाही, तमुक तारखेला देऊ शकतो. याने प्रतिमा खराब होत नाही, उलट सुधारते. मान हलवून "हो" म्हणणंही टाळा. आपली ती अर्धवर्तुळाकार मान त्यांना "नाही" वाटते.

'झी' आणि 'दू' मराठी माणसाला इंग्रजी बोलणाऱ्यापेक्षा सोपं जातं, कारण तुम्ही-तू आपल्याकडे आहेच. एकच फरक: विद्यार्थी आपसांत वयाचा विचार न करता 'दू' म्हणतात, आणि प्रोफेसर, कचेरीतली माणसं, शेजारचे आजोबा यांना 'झी'. मोठ्या माणसाने 'दू' म्हणायला सांगेपर्यंत थांबायचं. प्रोफेसरांना ईमेल लिहिताना विषयात कोर्सचं नाव, खाली नोंदणी क्रमांक, आणि एकच नेमका प्रश्न. "रिस्पेक्टेड सर" आणि चार ओळींची क्षमायाचना काढून टाका.

माणसं

"जर्मन लोक मैत्री करत नाहीत" हे वाक्य पहिल्या दोन महिन्यांत सगळ्यांच्या तोंडी येतं. मैत्री होते; तिची वाट वेगळी आहे. सहज दार वाजवून चहाला बसणं तिथे नाही. एकच काम, एकाच ठिकाणी, दर आठवड्याला, असं सुरू झालं की तिसऱ्या महिन्यात ओळख, सहाव्यात आमंत्रण. म्हणून दहा कार्यक्रमांना एकेकदा जाण्यापेक्षा एका ठिकाणी दहा वेळा जा. विद्यापीठाचे खेळाचे वर्ग स्वस्त असतात, पण लोकप्रिय वर्ग नोंदणी उघडताच भरतात. गजर लावून बसा. शिवाय भाषा-विनिमयाची जोडी, विद्यार्थी संघटना, गायनमंडळ, गिर्यारोहण, काहीही. सत्राआधीचा स्वागत-आठवडा मात्र चुकवू नका. सगळेच नवखे असतात असा आठवडा पुन्हा येत नाही.

आमंत्रण द्यायचं तर तारखेसकट: "पुढच्या शुक्रवारी सातला आमच्याकडे जेवायला ये". "ये कधीतरी" या वाक्याला तिथे अर्थ नाही. सातला बोलावलं तर सातलाच येतात, तेव्हा पावणेसातला कुकर लावू नका.

आपल्या माणसांचं काय? मराठी-भारतीय घोळक्यात राहू नका, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो अर्धाच बरोबर आहे. आपल्या भाषेतली माणसं हा पहिला आधार असतो. तापाने पडल्यावर खिचडी तिथूनच येते, आणि कचेरीतल्या फॉर्मची माहितीही. अनेक शहरांत मराठी मंडळं आहेत, गणपतीचे कार्यक्रम होतात. सप्टेंबरात पोहोचणाऱ्यांना तिथे पन्नास ओळखी एका दिवसात होतात. धोका वेगळ्याच ठिकाणी आहे: घरात मराठी, वर्गात भारतीय गट, नोकरीत भारतीय, असे तिन्ही कोपरे एकाच रंगाचे झाले की दोन वर्षांनी जर्मन ए२ वरच राहते आणि नोकरी शोधताना अडतं. तीनपैकी एक कोपरा तरी वेगळा ठेवा. घर मराठी हवं असेल तर खेळ किंवा नोकरी जर्मन.

सगळंच गैरसमज म्हणून सोडून द्यायचं नाही. नाव पाहून खोली नाकारली, गाडीत कोणी शिवीगाळ केली, तर ते तुमच्या वागण्यामुळे झालं असं समजून मनात जिरवू नका. तारीख, वेळ, जागा, काय बोललं गेलं ते त्याच दिवशी लिहा आणि विद्यार्थी प्रतिनिधींच्या कचेरीत, 'आस्टा'मध्ये, जा. बऱ्याच ठिकाणी तिथे मोफत कायदेशीर सल्ला मिळतो.

नोव्हेंबर ते जानेवारी

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. दुसऱ्या दिवशी वर्गातून बाहेर पडताना अंधार. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बर्लिनला सूर्य सव्वाआठला उगवतो आणि चारच्या आत मावळतो, साडेसात-पावणेआठ तासांचा दिवस, तोही ढगांमागे. पुण्यातला वर्षातला सर्वांत लहान दिवसही अकरा तासांचा असतो. इतका फरक शरीराला कळल्याशिवाय राहत नाही. झोप वाढते, गोड खावंसं वाटतं, उठायचा कंटाळा येतो. हे मनाच्या खात्यातलं, आणि त्यातही बरंचसं शरीराचं. इच्छाशक्तीला दोष देऊन उपयोग नाही.

करायचं ते असं. उठायची वेळ ठरलेली, सुट्टीच्या दिवशीही फार तर तासाभराचा फरक. दुपारी बारा ते दोनमध्ये अर्धा तास बाहेर. ढगाळ आकाशाचा उजेडही खोलीतल्या दिव्याच्या कित्येक पट असतो. सकाळी दहा हजार लक्सच्या दिव्यासमोर वीस ते तीस मिनिटं बसण्याचा अनेकांना फायदा होतो. डोळ्यांचा विकार किंवा बायपोलर आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच. ड जीवनसत्त्व रक्त तपासून घ्या, ऐकीव मात्रेने नको. चांगला कोट आणि पाणी न शिरणारे बूट यांत पैसे वाचवू नका, कारण पाय ओले झाले की माणूस बाहेर पडणं सोडतो. हे सगळं ऑक्टोबरात सुरू करायचं. डिसेंबरात सुरू करायला अंगात बळ उरत नाही.

घड्याळाचा आणखी एक परिणाम फोनवर होतो. भारताशी साडेतीन तासांचं अंतर साडेचार होतं. रात्री आठला घरी फोन करायचा तर तिकडे साडेबारा वाजलेले. मग आई जागी राहते, तुम्हाला अपराधी वाटतं, नाहीतर तुम्ही रात्री दोनपर्यंत मित्रांच्या ग्रुपवर भारताच्या वेळेने जगता आणि सकाळचा वर्ग जातो. दुपारी एक-दीडला, जेवणाच्या सुट्टीत, पंधरा मिनिटांचा फोन बरा: घरी संध्याकाळचे सहा. निवांत बोलणं रविवारी सकाळी.

दिवाळीला सुट्टी नसते, बहुधा त्याच दिवशी प्रयोगशाळा असते. आधीच ठरवून शेजारच्या शनिवारी जेवण करा. ऐनवेळी एकट्याने खोलीत बसून घरचा व्हिडिओ कॉल पाहणं जिवावर येतं. फटाके सर्वसामान्यांना फक्त ३१ डिसेंबर-१ जानेवारीलाच उडवता येतात. आणि नाताळ: २४च्या दुपारपासून २६पर्यंत दुकानं बंद, वसतिगृह रिकामं, रस्ते सुनसान. घर खायला उठतं ते याच तीन दिवसांत. २३ला वाणसामान भरा, आणि त्यातला निदान एक दिवस कोणाबरोबर घालवायचा ते डिसेंबरच्या सुरुवातीलाच ठरवा.

फोडणी आणि इतर वाद

फोडणीच्या धुराने वसतिगृहाचा अलार्म वाजतो, आणि विनाकारण अग्निशमन दल आलं तर बिल येऊ शकतं. मोहरी मंद आचेवर, झाकण अर्धं, खिडकी उघडी आणि स्वयंपाकघराचं दार बंद. दार उघडलंत तर धूर पॅसेजमधल्या सेन्सरपाशी जातो. हिवाळ्यात दिवसातून दोन-तीनदा पाच ते दहा मिनिटं खिडकी सताड उघडायची. नाहीतर भिंतीला बुरशी धरते आणि दुरुस्तीचे पैसे डिपॉझिटमधून जातात. रात्री दहा ते सहा शांतता. सामायिक घरात साफसफाईची पाळी लिहिलेली असते. ती चुकणं हे भांडणाचं पहिलं कारण. तेव्हा भिंतीवर चिठ्ठी दिसली तर तो अपमान समजू नका, पाळी करा.

पैसे

ब्लॉक्ड अकाउंटची रक्कम सप्टेंबर २०२४पासून वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२. खोलीला ३५० ते ५००, विम्याला साधारण १४०-१५०, स्वतः रांधलंत तर खाण्याला दोनशेच्या आसपास. महागड्या शहरात यात भागत नाही, हे जाण्यापूर्वीच मान्य करा.

प्रत्येक गोष्ट रुपयांत मोजायची सवय महिन्याभरात सोडा. तीन युरोची कॉफी म्हणजे तीनशे रुपये, असं म्हणत वर्गमित्रांबरोबर जाणं टाळलं की दोन महिन्यांनी कोणी विचारत नाही, आणि मग एकटेपणाचं कारण कळत नाही. महिन्याला ३० ते ४० युरो मिसळण्यासाठी म्हणून बाजूला काढा आणि ते खर्चच करा. नोकरीची मुभा वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस आहे. पहिल्या सत्रात आठवड्याला दहा-बारा तासांवर जाऊ नका, गोदामातली रात्रपाळी तर नकोच. तिने आधी झोप जाते, मग वर्ग.

मदत कधी आणि कशी मागायची

कंटाळा, घरची आठवण, एखादं रडू हे येऊन जातं. पुढच्या गोष्टी दोन आठवड्यांहून जास्त टिकल्या तर मात्र थांबू नका: झोप फार कमी किंवा फार जास्त, आंघोळ-जेवण सुटणं, वर्ग बुडणं, घरचे फोन न उचलणं. आणखी एक खूण विद्यार्थ्यांत हटकून दिसते, न उघडलेल्या पत्रांचा ढीग. भीतीने पत्र उघडलं जात नाही, मुदत जाते, दंड येतो, भीती वाढते. एखाद्या मित्राला बोलावून सगळी पत्रं एका बैठकीत उघडा. पिवळ्या पाकिटातलं सर्वांत आधी, कारण त्याची मुदत मोजायला सुरुवात झालेली असते.

मदतीची पहिली पायरी 'श्टुडिएरेन्डेनवेर्क'चं (वसतिगृहं, खानावळी चालवणाऱ्या विद्यार्थी-सेवा संस्थेचं) किंवा विद्यापीठाचं समुपदेशन केंद्र. सहसा मोफत, बऱ्याच ठिकाणी इंग्रजीतून, आणि गोपनीय: विद्यापीठाला, घरच्यांना किंवा व्हिसा कचेरीला कळवलं जात नाही. दुसरी पायरी आपला नेहमीचा डॉक्टर, 'हाउसआर्ट्स्ट'. मानसोपचारतज्ज्ञाची पहिली भेट ११६११७ या क्रमांकावरून ठरवता येते; खर्च सरकारी विमा उचलतो. नियमित उपचाराला काही महिने थांबावं लागू शकतं, म्हणून फार बिघडण्याआधीच नाव नोंदवा. रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर टेलिफोनझेलझोर्गे ही हेल्पलाइन, ०८०० १११०१११, मोफत, बहुतांशी जर्मनमध्ये. जीव द्यावासा वाटत असेल तर सरळ ११२, हा तातडीच्या मदतीचा क्रमांक.

आजारपणामुळे परीक्षा देता येत नसेल, आणि मानसिक आजार त्यात येतो, तर परीक्षेच्या दिवशीच डॉक्टरकडे जाऊन दाखला घ्या आणि लगेच परीक्षा कचेरीला द्या. आठवड्याने मागच्या तारखेचा दाखला चालत नाही. पेपर लिहायला बसून मग "बरं नव्हतं" म्हटलं तर तो प्रयत्न वाया जातो.

घरच्यांसाठी एक कागद करून ठेवा: पूर्ण पत्ता, खोली क्रमांक, घरमालक किंवा वसतिगृहाच्या व्यवस्थापकाचा फोन, दोन मित्रांचे क्रमांक (एक त्याच इमारतीतला), विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागाचा ईमेल. मुलगा किंवा मुलगी दोन दिवस फोन उचलत नसेल तर नातेवाइकांचा ग्रुप हलवण्याआधी इमारतीतल्या मित्राला दार वाजवायला सांगावं. तिथले ११० (पोलीस) किंवा ११२ भारतातून थेट लागत नाहीत; दार उघडलं गेलं नाही तर तो फोन तिथल्याच कोणीतरी करायचा असतो. हा कागद दोन्ही घरांत असावा, आणि खोली बदलली की त्याच दिवशी बदलावा.